कायमचा भंडारा

वैशाख लागला की आधी माझ्या तळव्यांना कळतं. कॅलेंडर बघावं लागत नाही. पंख्याखाली बसलं तरी तळवे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि तापलेल्या मातीचा वास नाकात येऊन बसतो. सूनबाई म्हणते, वय झालं आता, खोबरेल लावत जा. लावते बापडी. पण हा उन्हाळा तेलानं जाणारा नाही. बाहेरचा असता तर कधीच गेला असता.

यंदा ऐन वैशाखात नात आली. ती शिकवायचं काम करते, पण शाळेत नाही. परदेशातली एक मदत देणारी संस्था तिला दूरच्या मुलखात पाठवते, तिथल्या बायकांना ती आरोग्याचं शिकवते. फोनवर फोटो दाखवत होती. लाल मातीचं गाव, रंगीबेरंगी कपड्यांतल्या काळ्यासावळ्या बाया, आणि सगळ्यांचे हात वर. "आजी, हे बघ. सगळ्यांनी शपथ घेतली, हात धुतल्याशिवाय लेकराला घास भरवणार नाही म्हणून." पोरगी नुसती फुलली होती. मी चष्मा पुसून परत बघितलं. कडेची एक म्हातारी हात वर करून उभी होती, पण बघत होती खाली, जमिनीकडे. मी विचारलं, "किती दिवसांची गं शपथ?"

ती हसली. "असं काय विचारतेस आजी? कायमची."

झालं. माझा चहा तसाच निवत राहिला.

मी काही शिकलेली बाई नाही, हे आधीच सांगते. मास्तर, म्हणजे आमचे हे, ओसरीत पोरांना शिकवायचे आणि मी आत भाकरी थापता थापता ऐकायची. राखेत बोटानं गिरवायची, पुसायची. अशी अक्षरं आली. माहेर माझं तुळजापूर. लग्न होऊन आले ती अणदूरपासून दोनेक कोसांवरच्या एका गावात, मास्तरांची बदली झाली म्हणून. पोलीस ॲक्शनला आठ-दहा वर्षं झाली असतील. निजाम गेला होता, पण सवयी गेल्या नव्हत्या. हजेरी घेताना एखादं पोर अजून "हाजिर जनाब" म्हणून जायचं आणि सगळा वर्ग खिदळायचा.

त्या गावाचा जीव म्हणजे बारव. जमिनीच्या पोटात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, बाजूला देवळ्या, देवळ्यांत पारवे. वर अंगाची लाही होत असली तरी दहा पायऱ्या उतरलं की कुणी ओला हात कपाळावर ठेवावा तसं वाटायचं. बायका तिथं नुसतं पाणी भरायला जात नसत. सासुरवाशिणींना मोठ्यानं हसायला गावात तेवढी एकच जागा होती. हसणं खाली घुमायचं आणि वर येईतो त्याचं कुणाचं म्हणून काही उरायचं नाही.

आणि त्याच पाण्यात नारू होता. आताच्या पोरांना नारू सांगावा लागतो. पाण्यातनं पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो, दोऱ्यासारखा हातभर लांब होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. त्या फोडाची आग अशी, की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावतो. धावणार कुठं? बारवेत. पाय बुडाला की किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो, आणि तेच पाणी सगळं गाव पितं. पेरणीच्या तोंडावर अर्ध्या घरांत एक तरी माणूस पाय पसरून विव्हळत पडलेलं असे.

त्यासाठी मार्गाबाई आली. नाव मार्गरेट, पण गावानं दुसऱ्याच दिवशी तिची मार्गाबाई करून टाकली. अमेरिकेकडची, उंच, हाडापेरानं मजबूत. पातळ नेसायची तर ते घोट्याच्या वर वीतभर राहायचं. मराठी पुस्तकातनं शिकलेली, त्यामुळं बोलली की वाटे, धडा वाचतेय. शाळेमागच्या खोलीत राहायची. खोटं कशाला बोलू, बाई चांगली होती. पुवानं भरलेले पाय मांडीवर घेऊन धुवायची. ज्या पायांकडे घरचं माणूस तोंड फिरवून बसे, ते पाय. ठेचा खाऊन डोळ्यांतनं धारा लागल्या तरी "उत्तम आहे, उत्तम आहे" म्हणायची. मला तिनं मदतनीस म्हणून घेतलं. दुपारचा बायकांचा वर्ग आम्ही दोघी घ्यायचो, आणि मास्तरांची बायको होते ती मी एकदम मास्तरीणबाई झाले. त्या शब्दानं मला केवढी उंच केली होती म्हणता!

वर्गात पहिल्याच दिवशी मार्गाबाईनं विचारलं, "आपली सर्वांत मोठी अडचण कोणती आहे?"

मुक्ता पुढंच बसली होती. शेतकऱ्याघरची सून, माझ्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "सासू."

सासू, कोंडामावशी, मागंच भिंतीला टेकून वाती वळत होती. वात वळता वळताच म्हणाली, "आन् माझी ही."

वर्ग हसून हसून आडवा झाला. मार्गाबाईला विनोद कळायला थोडा वेळ लागला, मग तीही हसली. पण संध्याकाळी मला म्हणाली, "या स्त्रियांचे जीवन फार दुःखी आहे." मी म्हटलं, "हो ना." मला त्या दोघींचं रात्रंदिवसाचं भांडण आणि एकाच ताटात जेवणं माहीत होतं, तरी म्हटलं, हो ना.

मार्गाबाई नेहमी "माझं गाव", "माझ्या बाया" म्हणायची. एकदा मुक्तानं तिला टोकलं. "तुमचं गाव व्हय बाई? मग औंदाचा शेतसारा तुमीच भरा की."

तर अशी ही मुक्ता. वर्गातली सगळ्यात हुशार. तिच्या पायाला दोन उन्हाळे नारू झाला होता, म्हणून शिकवलेलं तिला तोंडपाठ. पाणी चौपदरी फडक्यातनं गाळायचं, नारूचा पाय पाण्यात घालायचा नाही. बाकीच्याही माना डोलावायच्या. आणि वर्ग सुटला की घागरी घेऊन सरळ बारवेत उतरायच्या, पायानं पाणी ढवळून घागरी भरायच्या. मार्गाबाई कठड्याशी उभी राहून ते बघायची. तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याला मी तेव्हा माया म्हणायची. आता वाटतं, त्यात राग पण होता. आपण एवढे समुद्र ओलांडून वाचवायला आलो आणि ही माणसं वाचत नाहीत, तो राग.

दिवाळीनंतर तिच्या संस्थेनं शाळेजवळ नवी विहीर खणायला घेतली. सिमेंटचा कठडा, लोखंडी कप्पी, पायऱ्या नाहीत. उतरायचंच नाही, वरनं शेंदायचं. पाणी लागलं, खाली कातळ लागला. कातळ फोडायला वेळ नव्हता, वरून काम उरकायचा हुकूम होता. लागलंय तेवढं पाणी बास आहे असं ठरलं. माघातलं पाणी ते. गळाभर दिसत होतं.

आता भंडाऱ्याचं सांगते. गावाबाहेर टेकाडावर खंडोबाचं लहानसं देऊळ आहे. त्या हिवाळ्यात दोन भावांचं बांधावरनं पेटलं होतं, कुऱ्हाडी निघायच्या तेवढ्या बाकी होत्या. रविवारी दोघांना देवळात नेलं. थोरल्यानं देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, मुठीत उचलला आणि म्हणाला, सुगी होईतो बांधाला हात लावणार न्हाय. संपलं भांडण. कुऱ्हाडी माळ्यावर गेल्या. आमच्याकडं भंडारा उचलणं म्हणजे तसंच. त्यापुढं कोर्ट नाही, कचेरी नाही.

मार्गाबाई हे सगळं बघत होती. त्या रात्री तिला झोप आली नसावी. सकाळीच माझ्याकडं आली. "आपण यांच्याच श्रद्धेचा उपयोग केला पाहिजे. बाहेरचे काही लादायचे नाही. हे उत्तम साधन आहे." साधन हा तिचा आवडता शब्द. चित्रं साधन, गाणी साधन. मला तर वाटलं, केवढी शहाणी बाई! आमच्या देवाला मान देतेय. मी लगेच पदर खोचला. गुरवाकडनं ताटभर भंडारा मीच आणला.

रविवारी देवळापुढं बायका जमल्या. पाळीपाळीनं मूठ उचलायची आणि म्हणायचं, "बारवेच्या पाण्याला पाय लावणार न्हाय, व्हट लावणार न्हाय." कोंडामावशीची पाळी आली. ती हात मागं घेऊन उभी राहिली. "किती दिसाचा?"

मार्गाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी समजावून सांगितलं. ती हसून म्हणाली, "कायमचा."

"कायमचा भंडारा कुनी उचलत न्हाय, बाई," कोंडामावशी म्हणाली. "मानूस हाय आपुन. सुगीपतोर म्हना, आकाडापतोर म्हना. कायमचं देवाला झेपतं."

"मावशी, चांगल्या कामाला अटी कशाला?" असं मी म्हणाले. मी. माझा आवाज मला अजून ऐकू येतो, चांगला गोड होता. मुक्तानं सासूला ढोसलं, "उचला की आत्या, नव्या हिरीचं पानी ग्वाड हाय," आणि आपली मूठ सगळ्यांच्या आधी वर केली. मग सासूनं उचलली. मग सगळ्यांनी. येळकोट येळकोटच्या गजरात हळद उडाली, हातांवर, केसांत, लेकरांच्या तोंडांवर. मार्गाबाईनंही उचलला आणि पिवळ्या कपाळानं फोटो काढून घेतला. मीही उचलला.

फक्त एवढंच होतं की मार्गाबाई बारवेचं पाणी कधी पीतच नव्हती. तिचं पाणी उकळून, बाटलीत. आणि माझ्या घरी शाळेच्या विहिरीची पहिली घागर येई, मास्तरांचं घर म्हणून. आम्हा दोघींच्या मुठींत जी हळद होती तिचं वजन नुसतं हळदीएवढंच होतं.

गावकुसाबाहेरच्या वस्तीचं तर आम्हाला सुचलंसुद्धा नाही. त्यांना बारवेत उतरायला आधीच बंदी होती. कठड्याशी उभं राहायचं, गावातली कुणी दया येऊन वरनं ओतेल तेवढं घ्यायचं. गावानं बारव सोडली तसं ते ओतणंही बंद झालं. नव्या विहिरीच्या कप्पीला त्यांना हात कोण लावू देणार? तेव्हापासून त्या बाया नदीवर जायला लागल्या. मार्गाबाई एकदा म्हणाली, "त्या वर्गाला का येत नाहीत?" मी म्हटलं, "त्यांना वेळ नसतो." खरंच नव्हता. पाण्याला जात होत्या.

चैत्र सरता सरता नवी विहीर आटली. आधी पोहरा आपटायला लागला, मग गढूळ यायला लागलं, मग एकेका बाईनं तासतास बसून झिरपलेलं वाटीवाटीनं गोळा करायची वेळ आली. बारव तिकडं भरलेली. हिरवी, थंड, पारवे घुमताहेत. काठावरनं बायका जात, खाली बघत आणि पुढं नदीकडं वळत. नदी म्हणजे नुसती वाळू. वाळूत हातभर खड्डा खणायचा, त्याला झिरा म्हणायचं, त्यात पाणी साचायची वाट बघायची. जाऊन येऊन तीन कोस. वैशाखाचं ऊन.

मार्गाबाई घाबरली. तिनं वर्ग बोलावला. शाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून म्हणाली, "बारवेचे पाणी वरून शेंदा आणि चौपदरी गाळून प्या. धोका नाही. शपथेतून मी तुम्हाला मोकळे करते."

सातवा महिना लागलेली मुक्ता जड अंगानं खांबाला टेकली होती. तीच बोलली. "तुमी कोन मोकळं करनार, बाई? आमी तुमच्यापाशी बांधून घेतलंय व्हय?"

"पाप लागले तर ते माझ्यावर येऊ द्या," मार्गाबाई म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

मुक्ता हसली. "आमचं पाप बी तुमालाच पायजे? तेवढं तरी आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या की."

बायका हसल्या. पण ते हसणं बारवेतलं नव्हतं.

मुक्तानं नदीवर जाऊ नये म्हणून कोंडामावशी भांडली. मी जाते म्हणाली. मुक्ता म्हणे, "तुमचं गुडघं वाटंत ऱ्हातील, आत्या, मग घागर आनू का तुमाला आनू?" आणि डोक्यावर चुंबळ ठेवून निघायची. असे किती दिवस ती गेली, मी मोजले नाहीत. मोजायला मी कुठं वाटेवर होते? मी वर्गाच्या सावलीत पुढच्या धड्याची चित्रं रंगवत होते.

ती पडली ती परतीच्या वाटेवर. वस्तीतल्या बायांनी तिला बघितलं, बाभळीखाली ओढलं, आपल्या घागरीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं, तिला पाजलं. त्या पाण्यासाठी त्यांना परत झिऱ्यावर जावं लागलं असेल. गाडीतनं घरी आणली तेव्हा अंग तव्यासारखं होतं, घाम नव्हता. मार्गाबाई धावत आली. ओल्या चादरी गुंडाळल्या, मीठसाखरेचं पाणी कालवलं, जे जे येत होतं ते केलं. मी वाटी ओठाला लावली. मुक्तानं डोळे उघडले. जीभ जड झालेली. विचारते कशी, "कुठलं पानी?"

"विहिरीचं गं. शाळेच्या विहिरीचं," मी म्हणाले.

मग प्याली. दोन घोट. दिवस मावळायच्या आत गेली, पोटातल्या जिवासकट.

त्यानंतरचं जे आठवतं ते मला मुक्ताच्या मरणाहून जड जातं. अंगणात बायका बसलेल्या, आणि मार्गाबाई आली. कोंडामावशीचे पाय धरून तिनं हंबरडा फोडला. "मी दोषी आहे, मला क्षमा करा, मी दोषी आहे." एवढी उंच बाई, जमिनीला डोकं लावून. सगळं अंगण तिच्याकडं बघायला लागलं. रडणं थांबेना, धाप लागली. कुणीतरी वारा घालायला लागली, कुणी म्हणालं पाणी द्या, बाईला पाणी द्या. घरात त्या दिवशी पाणी केवढं होतं? त्यातला तांब्या आला. आणि कोंडामावशी, जिची सून आत पडली होती, ती मार्गाबाईच्या पाठीवरनं हात फिरवायला लागली. "उगी बाई, उगी. तुमचा काय दोष? आमचं नशीब." मी बघत होते. मावशीचे डोळे कोरडे होते. तिला तिच्या मरणाच्या घरात रडायची पाळीच आली नाही. ती जागा आधीच कुणीतरी घेतली होती.

पुढं कितीतरी संध्याकाळी मार्गाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसे. "मी स्वतःला प्रश्न विचारते आहे. मी इथे का आले? मला कोणाला वाचवायचे होते, त्यांना की मला?" असले प्रश्न मी आधी कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. मला ते फार मोठे वाटायचे, आजही खोटे वाटत नाहीत. सरकारी माणूस असता तर ऊन लागलं म्हणून मोकळा झाला असता. ती स्वतःला सोलून काढत होती. पण बोलता बोलता व्हायचं असं, की मुक्ता लहान लहान होत जायची आणि मार्गाबाई मोठी मोठी. शेवटी ओट्यावर एकटी मार्गाबाईच उरायची, तिच्या अपराधासकट. आणि मी तिला चहा करून द्यायची.

मी माझं मात्र तिच्यापुढं कधी बोलले नाही. कोंडामावशीला "अटी कशाला" म्हणणारी मी होते, परदेशी नव्हते, मला तर विचारायला सासर होतं, माहेर होतं. भंडारा मुदतीनं उचलतात हे मला गावातल्या कुठल्याही म्हातारीनं सांगितलं असतं. एक सांगतही होती. पण मला वरच्या पायरीवर उभं राहायला मिळालं होतं ना. तिथनं खालच्यांचं ऐकू येत नाही, नुसती तोंडं हलताना दिसतात.

मुक्ताचे दिवस झाले. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आधी बायका नदीकडं निघाल्या, कोंडामावशीही निघाली. पण बारवेपाशी आली आणि वळली. एकेक पायरी धरून खाली उतरायला लागली. गुडघे वाजत होते, ऐकू येत होतं. बायका कठड्याशी गोळा झाल्या. मार्गाबाई धावत आली आणि तिच्यामागं उतरायला लागली, तशी मावशी खालनं म्हणाली, "तुमी वरच थांबा, बाई." आवाजात राग नव्हता. वासराला मागं ढकलावं तसं.

शेवटच्या पायरीवर तिनं लुगडं वर खोचलं, दोन्ही पाय पाण्यात घातले. टेकाडाकडं तोंड करून काहीतरी बोलली, ते तिचं आणि खंडोबाचं. मग ओंजळ भरून प्याली. गाळलं नाही, काही नाही. एकदा, दोनदा. ओठ पुसून वर बघितलं.

"मोडला," ती म्हणाली. "समद्यांचा मिळून म्या मोडला. काय यायचं ते माज्या अंगावर यील. आता शेंदा गं पोरींनो. पाय लावू नका. आन् चौपदरी गाळा, मुक्तीनं शिकवलं तसं."

मुक्तीनं शिकवलं तसं. वर्ग आम्ही घेत होतो.

बारवेच्या काठावरनं पोहरे पडायला लागले. मार्गाबाई कठड्याला धरून उभी होती, तिच्या हाताला करण्यासारखं काही नव्हतं. पाऊस लागायच्या आधी ती गेली. जाताना सगळ्यांच्या गळ्यात पडली.

पुष्कळ वर्षांनी, आम्ही उस्मानाबादेला राहायला आल्यावर, तिच्याच संस्थेतली एक तरुण बाई मला शोधत आली. म्हणाली, "तुम्हीच का त्या? मार्गरेट आम्हाला प्रत्येक शिबिरात तुमच्या गावची गोष्ट सांगतात. आपण किती नम्र राहिलं पाहिजे, ते त्यावरून कळतं." मी विचारलं, "त्या गोष्टीत बाईचं नाव काय असतं?" ती गोंधळली. म्हणाली, "एक गरीब गर्भवती स्त्री, असं सांगतात." आधी भंडारा साधन झाला होता, मग मुक्ता झाली. मी त्या पोरीला जेवू घातलं आणि शेतसाऱ्याचा विनोद सांगितला. तिनं लिहून घेतला नाही.

नातीला मी हे सगळं सांगितलं, फोटो बघितला त्याच दिवशी. ती म्हणाली, "म्हणजे मी जाऊच नको का आजी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तिचा चेहरा बघून वाटलं, आता हिचीही समजूत घालावी लागणार की काय! मी म्हटलं, मला विचारू नकोस. कारण खरं हे पण आहे, की त्या एका उन्हाळ्यात बारवेत फारसे पाय पडले नाहीत आणि नंतर बायकांनी पाणी गाळूनच घेतलं, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात गावात नारू जवळजवळ झालाच नाही. पेरणीला माणसं उभी होती. आज त्या गावात नारू म्हटलं तर पोरं विचारतात, म्हणजे काय? हे मार्गाबाईचं काम आहे आणि मी ते नाकारणार नाही. एका बाजूला ते ठेवते, दुसऱ्या बाजूला मुक्ताला ठेवते. काटा कुठंच थांबत नाही. थांबला तर मला भीती वाटेल.

जवळजवळ झालाच नाही, असं मी म्हटलं. एकीला झाला.

वैशाखाच्याच तोंडाला कोंडामावशीच्या घोट्यावर फोड आला आणि फुटला. वर्षभरापूर्वीची ती ओंजळ. ती नवलानं बघत बसली नाही, तिला ठाऊकच होतं. मी रोज सकाळी जायची. नारूचं पांढरं टोक बाहेर आलं की ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढत न्यायचं, बोटभर आला तर बोटभर. घाई केली तर तो आत तुटतो, मग पाय सडतो. जखम धुवायची, फडकं बांधायचं. मार्गाबाईकडनं शिकलेलं एवढं एकच काम माझ्या हातात उरलं होतं.

मावशी भिंतीला टेकून पाय माझ्या मांडीवर द्यायची आणि ओरडायची नाही, बोलत राहायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जावई रुसला. एके दिवशी बोलता बोलता म्हणाली, "मुक्ती आसती तर म्हनली आसती, आत्या, आता पाय घागरीत बसवून नेऊ का तुमाला." आणि हसली.

मला हसू आलं नाही. डोळ्यांपुढचं सगळं पाण्यात गेलं, नारूचं टोक दिसेनासं झालं, तरी काडी माझ्या बोटांत तशीच होती. माफी मागायला मी तोंड उघडलं. "मावशी, मी..."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"मास्तरीणबाई, रडायचं आसंल तर काडी आदी माज्या हातात द्या. तुटला तर पाय माझा जाईल."

मी तोंड मिटलं. खांद्याला डोळे पुसले, टोक नीट दिसेपर्यंत थांबले, आणि काडी हळू फिरवली.